प्लास्टर उतरल्यानंतर

पावसाळ्याच्या दिवसांत शेताच्या बांधावरून, ओढ्याच्या उतारावरून किंवा न्हाणीतील शेवाळलेल्या फरशीवरून पाय घसरून पडण्याचे प्रसंग नित्याचेच असतात. पडताना मनुष्य स्वाभाविकपणे हात पुढे करतो, शरीराचा सारा भार पसरलेल्या पंजावर येतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. साठीच्या घरातील स्त्रियांत हा अस्थिभंग विशेष आढळतो. कारण ऋतुनिवृत्तीनंतर हाडे हळूहळू विरळ व ठिसूळ होत जातात. रुग्णालयात हाड जागेवर बसविले जाते, प्लास्टर घातले जाते आणि सुमारे सहा आठवड्यांनी ते कापून काढले जाते. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते. घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात.

त्याच संध्याकाळी त्या स्त्रीच्या ध्यानात येते की, हाताची मूठ वळत नाही. कणीक तिंबता येत नाही, ओले लुगडे पिळता येत नाही, खुरपे हातात ठरत नाही आणि वेणी घालण्यासाठी हात डोक्यामागे जात नाही. हात बारीक झालेला असतो, त्वचा कोरडी पडलेली असते, बोटे सुजलेली असतात. हाड जुळलेले असते. पण हात कामाला आलेला नसतो.

येथून पुढे दोन वाटा फुटतात. ‘आता वय झाले, एवढे चालायचेच’ असे म्हणून तो हात पदराआड जपून ठेवणे, ही एक वाट. तिच्या शेवटी कायमचा आखडलेला हात आणि परावलंबन असते. दुसरी वाट अधिक कष्टाची आहे. दररोज थोडी थोडी हालचाल करून त्या हातातील गेलेली लवचिकता, ताकद आणि कौशल्य परत मिळविणे, ही ती वाट होय. या वाटेवर रुग्णाला मार्ग दाखविणारे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी.

स्थिरतेची किंमत

मोडलेल्या हाडाला काही काळ स्थिर ठेवणे अपरिहार्य असते. हाड मोडताच त्या जागी रक्त साकळते. पुढील दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ जोडपेशी तयार होतात. त्यांत हळूहळू कॅल्शियमचे क्षार साठून कठीण सांधा बनतो आणि नंतर कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड सांध्याला तासून मूळ आकाराकडे नेत राहते. पहिल्या टप्प्यात मोडलेली टोके वारंवार हलत राहिली, तर हाड वाकडे जुळते किंवा जुळतच नाही. म्हणूनच प्लास्टर घालावे लागते, अथवा शस्त्रक्रिया करून पट्टी व स्क्रू बसवावे लागतात.

तथापि या स्थिरतेची किंमत हाडाभोवतीच्या प्रत्येक अवयवाला मोजावी लागते. ज्या स्नायूला काम नाही, तो झिजू लागतो. संपूर्ण विश्रांतीत स्नायूंची ताकद दर आठवड्याला साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास घटू शकते, असे निरनिराळ्या प्रयोगांत आढळले आहे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारे एक किलोने घटला. ही घट दिवसांत होते, भरून यायला मात्र आठवडे लागतात.

सांध्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील स्निग्ध द्रवातून तिला पोषण मिळते आणि तो द्रव आत-बाहेर खेळविण्याचे काम हालचालीमुळे होते. सांधा अनेक आठवडे हललाच नाही, तर कूर्चेचे पोषण मंदावते, सांध्याभोवतीचे आवरण आक्रसते आणि कंडरांना आजूबाजूच्या भागाशी चिकटण्याची संधी मिळते. हाडदेखील याला अपवाद नाही. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारानुरूप आपली घडण बदलते. भार पडला, तर ते मजबूत होते. भार काढून घेतला, तर ते विरळ होते.

विश्रांती आणि हालचाल या दोहोंचे योग्य प्रमाण व योग्य वेळ ठरविणे, हाच भौतिकोपचाराचा गाभा होय.

एका शास्त्राची जडणघडण

व्यायाम आणि मर्दन यांनी शरीर सुधारते, ही जाणीव भारतासह सर्वच प्राचीन संस्कृतींत होती. मात्र आजारी व जखमी शरीरासाठी व्यायामाची पद्धतशीर मांडणी तुलनेने अलीकडची आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि उपचारात्मक व्यायाम हा तिच्या शिक्षणाचा एक भाग ठेवला. इंग्लंडमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मर्दनोपचार करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची एक संघटना उभारली. त्या देशातील भौतिकोपचाराच्या व्यवसायाचे मूळ या संघटनेत आहे.

या शास्त्राला खरी गती दिली ती दोन महायुद्धांनी. शल्यचिकित्सेमुळे जखमी सैनिकांचे प्राण वाचू लागले. पण वाचलेल्या माणसाला पुन्हा उभे कसे करावयाचे, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो येथील एका लष्करी रुग्णालयात टॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरांनी रूढ पद्धतीला छेद दिला. दुबळ्या झालेल्या मांडीला हलक्या वजनाचा व्यायाम पुष्कळ वेळा द्यावा, असा तोवरचा प्रघात होता. डीलॉर्म यांनी स्नायूला पेलवेल तेवढे जड वजन मोजक्या वेळा उचलावयास लावले आणि ताकद वाढेल तसे ते वजन क्रमाक्रमाने वाढवीत नेले. १९४५ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगातील प्रत्येक भौतिकोपचार विभागात वापरली जाणारी ‘क्रमशः वाढत्या भाराच्या व्यायामाची’ पद्धत त्यातूनच रूढ झाली.

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक केंद्र उघडण्यात आले. त्याचे प्रमुख डॉ. लुडविग गुटमन हे नाझी राजवटीतून निसटून आलेले चेताशल्यचिकित्सक होते. कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णांना अंथरुणात ठेवून त्यांच्या अंताची वाट पाहण्याची तत्कालीन रीत त्यांनी मोडली. रुग्णांना वारंवार कुशीवर वळविणे, उठवून बसविणे, काम व खेळ यांत गुंतविणे, असा त्यांचा क्रम होता. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिक स्पर्धांचा उगम त्या दिवसात आहे.

मुंबईतील प्रारंभ

भारतात या उपचारपद्धतीचा पाया घातला जाण्यास पोलिओचे संकट मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले. मुंबईतील सामाजिक कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या चिमुरड्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी केलेल्या धडपडीतून इतर मुलांची निकड त्यांच्या ध्यानी आली आणि १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. पुढे १९५०च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे शिक्षण देणारी शाळा उघडली. १९५५ साली हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली. देशातील भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटनाही त्याच वर्षीची आहे. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या रोगाशी झुंजताना जे ज्ञान व ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांचा लाभ आता अपघात, पक्षाघात आणि वार्धक्य यांनी ग्रासलेल्या रुग्णांना होत आहे.

जखमी सैनिकांचा वारसाही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पांगळेपण आलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाले होते. पुढे त्यांनी पोहण्याची कास धरली. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ते भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. प्रत्येक रुग्णाला पदक मिळवावयाचे नसते. मनगट मोडलेल्या स्त्रीला केवळ आपले खुरपे हाती धरावयाचे असते. परंतु उरलेल्या शक्तीचा शोध घेऊन ती कामाला लावण्याचे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

मोजमापाने सुरुवात

भौतिकोपचाराचा आरंभ यंत्राने होत नाही, तपासणीने होतो. इजा कशी झाली, कोणती कामे अडली आहेत, रुग्णाचा उदरनिर्वाह कशावर चालतो, घरी पायऱ्या आहेत काय, शौचास उकिडवे बसावे लागते काय, याची विचारपूस तज्ज्ञ प्रथम करतात. विणकराला लागणारी हालचाल वेगळी, ऊसतोडणी कामगाराला लागणारी वेगळी आणि कारकुनाला लागणारी वेगळी. त्यानंतर मोजमाप होते. कोनमापकाने सांधा किती अंशांत वळतो ते पाहिले जाते. निरोगी मनगट वर आणि खाली प्रत्येकी साधारण ७० ते ८० अंश वाकते. दैनंदिन कामांपैकी बहुतेक कामे मात्र दोन्ही दिशांना ४० अंश वाकणाऱ्या मनगटानेही पार पडतात. त्यामुळे रुग्णापुढे पहिले उद्दिष्ट ४० अंशांचे ठेवता येते आणि ते आवाक्यातील वाटल्याने त्याला धीर येतो.

स्नायूंची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत नोंदविली जाते. स्नायू मुळीच आकुंचन पावत नसेल, तर शून्य. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता आला, तर तीन. पूर्ण विरोध पेलला, तर पाच. या आकड्यांमुळे सुधारणा डोळ्यांना दिसते. दोन आठवड्यांपूर्वी २० अंश वळणारे मनगट आज ३० अंश वळते, हे कागदावर पाहिलेला रुग्ण घरी व्यायाम सोडत नाही.

प्लास्टरमध्येही हालचाल

उपचार प्लास्टर निघाल्यानंतर सुरू होतो, हा समज अपुरा आहे. मनगट स्थिर असताना बोटे, कोपर आणि खांदा हे सांधे मोकळे असतात आणि ते पहिल्या दिवसापासून हलविणे आवश्यक असते. दर तासाला बोटांची पूर्ण मूठ करून उघडणे, अंगठ्याने प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श करणे आणि हात दिवसातून अनेक वेळा डोक्याच्या वर नेणे, एवढे केले, तरी पुढील निम्मा त्रास टळू शकतो. हात सतत झोळीत लटकविल्याने खांदा जखडतो आणि मनगटाच्या इजेतून खांद्याचे नवे दुखणे उद्भवते. सूज कमी राहावी म्हणून पहिल्या काही दिवसांत हात उशीवर हृदयाच्या पातळीहून उंच ठेवावा लागतो. बोटे निळसर किंवा पांढरी पडली, बधिर झाली किंवा असह्य ठणका लागला, तर प्लास्टर घट्ट झाले आहे असे समजून त्याच दिवशी, रात्र असली तरीही, रुग्णालय गाठले पाहिजे.

प्लास्टर उतरल्यानंतर पहिल्या टप्प्यात सोसेल इतक्या कोमट पाण्यात हात बुडवून मनगट वर-खाली व आजूबाजूला हलविले जाते. तळहात आकाशाकडे व जमिनीकडे फिरविण्याचा व्यायाम विशेष महत्त्वाचा असतो. कारण घास तोंडात घालणे, पैसे घेणे, किल्ली फिरविणे ही कामे त्यावर अवलंबून असतात. दुसऱ्या टप्प्यात ताकद येते. ओला पंचा पिळणे, कणकेचा गोळा दाबणे, पाण्याने थोडा थोडा भरत नेलेला तांब्या उचलणे, हे व्यायाम घरच्या घरी होतात. डीलॉर्म यांचे वाढत्या भाराचे तत्त्व तांब्यातील पाण्यालाही लागू पडते. तिसऱ्या टप्प्यात मूळ काम थोडे थोडे सुरू केले जाते. उपयोगी हालचाल बहुधा काही आठवड्यांत परतते. मुठीची पूर्ण ताकद परतण्यास मात्र सहा महिने ते एक वर्ष लागू शकते. हे आधीच सांगितले नाही, तर रुग्ण तिसऱ्या आठवड्यात निराश होतो.

वेदनेबाबतही स्पष्ट सूचना द्यावी लागते. आखडलेला सांधा हलविताना ताण जाणवणे स्वाभाविक आहे. व्यायाम थांबविल्यावर ही वेदना थोड्या वेळात ओसरत असेल, तर भिण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती टिकली किंवा सूज वाढली, तर व्यायामाचे प्रमाण कमी करावे. हाताची आग होणे, त्वचा चकचकीत व लालसर-निळी होणे, स्पर्शही सहन न होणे, ही लक्षणे दिसल्यास मात्र विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच उपचार झाल्यास ही गुंतागुंत आटोक्यात आणता येते.

शेक, बर्फ, अल्ट्रासाउंड, विजेच्या सौम्य लहरी ही साधने वेदना काही काळ कमी करण्यास साह्यभूत होतात, आणि वेदना कमी झाली की व्यायाम सुकर होतो. पण केवळ यंत्राखाली हात ठेवून तो बरा होईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ताकद स्नायूने स्वतः काम केल्यानेच येते.

चोळण्याचा मोह

ग्रामीण भागात आणि शहरांतही, हाड मोडल्यावर किंवा सांधा आखडल्यावर तेल लावून जोराने चोळून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. हलक्या हाताचे मर्दन बऱ्या झालेल्या स्नायूंना सुखद वाटते, यात शंका नाही. नुकत्याच झालेल्या इजेवर, विशेषतः कोपराच्या इजेवर, जोराने चोळणे आणि सांधा बळाने ओढणे हे मात्र घातक ठरू शकते. कोपराभोवतीच्या दुखावलेल्या स्नायूंत त्यामुळे पुन्हा पुन्हा रक्तस्राव होतो आणि कधी कधी स्नायूच्या जागी चक्क हाड तयार होऊ लागते. मग तो कोपर कायमचा अडकून बसतो. झाडावरून पडलेल्या लहान मुलांच्या कोपराबाबत हा धोका विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा तुटून हात कायमचा निकामी होण्याचे, क्वचित तो कापावा लागण्याचे प्रसंगही वैद्यकीय जगतास अपरिचित नाहीत.

हाडवैदूंवर लोकांचा विश्वास असतो, तो काही अकारण नाही. ते जवळ असतात, त्यांचा मोबदला परवडतो आणि ते रुग्णाच्या भाषेत बोलतात. आधुनिक उपचारांनाही हे तीन गुण अंगी आणल्याशिवाय त्यांची जागा घेता येणार नाही.

कंबरदुखी आणि अंथरूण

हालचालीविषयीची भीती सर्वाधिक दिसते ती कंबरदुखीत. ओझे उचलताना कंबरेत उसण भरली की पंधरा दिवस सक्त विश्रांती, असा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. १९८६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवसांची आणि काहींना सात दिवसांची विश्रांती सांगण्यात आली. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच बरे झाले. मात्र दोन दिवसांच्या गटातील लोकांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. त्यानंतरच्या संशोधनाने हीच दिशा पक्की केली आहे. साध्या कंबरदुखीत सोसेल तितके हिंडते-फिरते राहावे, जड ओझे काही दिवस टाळावे आणि दुखणे ओसरू लागताच पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत, हा आजचा मान्य सल्ला आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी या पाच दिवसांच्या फरकाचे मोल किती, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु कंबरदुखीसोबत पायातील शक्ती जाणे, लघवी अडणे वा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, ताप असणे किंवा मोठ्या अपघातानंतर दुखू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामाचा विचार बाजूस ठेवून तातडीने रुग्णालयात जावे.

पुन्हा पडू नये म्हणून

मनगटाचा अस्थिभंग ही उतारवयातील धोक्याची सूचनाही असते. ज्या स्त्रीचे मनगट साध्या पडण्याने मोडले, तिचे खुब्याचे हाड पुढे मोडण्याचा संभव इतरांहून अधिक असतो आणि खुब्याचा अस्थिभंग वृद्धांना कायमचे अंथरुणाला खिळवू शकतो. म्हणून हात बरा करून उपचार थांबविणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय. हाडांची घनता तपासून घेणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व अन्य औषधे घेणे यांच्या जोडीला पायांची ताकद आणि शरीराचा तोल सुधारणे अगत्याचे असते.

तोल हे शिकता येणारे कौशल्य आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला एका हाताने धरून एका पायावर उभे राहणे, भिंतीलगत एका पावलाच्या टाचेपुढे दुसरे पाऊल टेकवीत सरळ रेषेत चालणे, हे व्यायाम कोणत्याही घरात करता येतात. प्रारंभी जवळ कोणीतरी उभे असावे. अशा व्यायामांमुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे जगभरातील अनेक चाचण्यांच्या २०१९ सालच्या एकत्रित परीक्षणात दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत. याशिवाय न्हाणीत खडबडीत फरशी व भिंतीला कठडा, रात्री वाटेत दिवा, पायांत घट्ट बसणारी पादत्राणे आणि नजर कमी झाल्यास चष्मा, ही व्यवस्थाही उपचाराइतकीच मोलाची आहे.

सेवा दाराशी पोहोचावी

जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांतून भौतिकोपचाराचे विभाग असतात. या विषयाची पदवी देणारी महाविद्यालयेही राज्यात विस्तारली आहेत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला असून भौतिकोपचारतज्ज्ञांचा त्यात समावेश आहे. रुग्णाने उपचार घेण्यापूर्वी तज्ज्ञाची पदवी व नोंदणी यांची चौकशी अवश्य करावी. तरीही अंतराचा प्रश्न राहतोच. वाडीवस्तीवरील स्त्रीला आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी यावयाचे, तर प्रत्येक वेळी एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी असा दुहेरी खर्च पडतो. सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. पुनर्वसनाच्या उपचारांचा लाभ होऊ शकेल अशा आजारांनी वा इजांनी जगात सुमारे २४० कोटी लोक ग्रासलेले आहेत, असा २०१९ सालच्या स्थितीवर आधारलेला अंदाज आहे. यांतील पुष्कळांच्या मार्गात असेच अंतर उभे असते.

या अडचणीतून वाट काढता येते. साध्या अस्थिभंगानंतर अनेक रुग्णांना तज्ज्ञाने एकदा नीट शिकविलेले, करून घेतलेले आणि चित्रांसह कागदावर लिहून दिलेले घरगुती व्यायाम पुरेसे पडतात. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तपासणी झाली, तरी प्रगती कळते. अट एवढीच की, प्लास्टर काढण्याच्या दिवशीच रुग्णाला भौतिकोपचार विभागात पाठविले जावे. त्या दिवशी तो रुग्णालयात आलेलाच असतो. घरी व्यायामाची आठवण करून देण्याचे काम लेक, सून वा नातवंडेही करू शकतात. आजीच्या हाताचा कोन शाळेतील कोनमापकाने मोजून वहीत टिपून ठेवणारा नातू या उपचारात मोठा हातभार लावू शकतो.

औषध रुग्णाला दिले जाते आणि शस्त्रक्रिया रुग्णावर केली जाते. भौतिकोपचार मात्र रुग्णाला स्वतःलाच करावा लागतो. तज्ज्ञ दिशा दाखवितो, प्रमाण ठरवितो, चूक सुधारतो. हात हलविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. मनगट मोडलेल्या त्या स्त्रीने प्लास्टर उतरल्यावर पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलविण्यास प्रारंभ केला आणि तो क्रम नित्यनेमाने चालविला, तर येत्या हंगामात खुरपे पुन्हा तिच्या हाती असेल, अशी आशा बाळगण्यास पुरेसा आधार आहे.